आजीला कोणी विचारले?

माणसाजवळ देण्यासारखे जे जे असते, त्यांत वेळ हे सर्वांत मोलाचे धन होय. दिलेला पैसा पुन्हा मिळवता येतो, खर्ची पडलेले बळ काही अंशी भरून येते; दिलेला वेळ मात्र परत येत नाही. त्यातही उतारवयातला वेळ मोजका. म्हणून तो कोणाला द्यावा, आणि तो मागण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि आपणां ख्रिस्ती माणसांसाठी श्रद्धेचाही आहे. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचे धडे गिरवले, त्यावर परीक्षाही दिल्या. परंतु या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका आजीकडून शिकावे लागले, आणि तेही आम्ही त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने उपदेश केल्यानंतर साडेसहा वर्षांनी.

या आजी आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामातल्या, वसईच्या बागायती पट्ट्यातल्या. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी आजी प्रत्येक धर्मग्रामात असतेच. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेर ते सासर हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास होता. पुढे वाडीतल्या फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जाण्याचा प्रवास त्यांनी तीसेक वर्षे केला. त्या प्रवासावर मुले शिकली, घराची कौले जाऊन स्लॅब आला, धाकटा मुलगा कॅनडात पोहोचला. स्वतःसाठी म्हणून आजींनी जे थोडे प्रवास केले, ते सगळे देवाच्या वाटेवरचे: दर सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, एकदा वेलांकनी, आणि २०१४ साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन.

या सर्व प्रवासांत त्यांच्या सोबतीला त्यांची थोरली बहीण असे. ती त्याच गावात दिलेली आणि त्यांच्यासारखीच विधवा. दोघींची एक इच्छा उरली होती. प्रभू जिथे जन्मला, चालला आणि क्रूसावर मरण पावला, ती पवित्र भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी. त्यासाठी दोघींनी बँकेत आवर्ती ठेव सुरू केली होती. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दोघी बरोबरच पैसे भरायला जात. अकरा वर्षांनी रक्कम जमली, आणि २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात निघणाऱ्या यात्रेत दोघींनी नावे नोंदवली.

त्याच वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात एके दिवशी आजी आमच्या कार्यालयात आल्या. धाकट्या मुलाचा फोन आला होता. सूनबाईंना दिवस गेले होते, सप्टेंबरमध्ये बाळंतपण होते, आणि परमुलखात जवळचे असे कोणी नव्हते. मुलाने ऑगस्टचे तिकीट काढूनही ठेवले होते. "फादर, आता मी काय करू?" असे त्यांनी विचारले.

आम्ही काय उत्तर दिले, ते आम्हांला आजही शब्दशः आठवते. आम्ही त्यांना पवित्र मरियेची आठवण करून दिली. वृद्धापकाळी गरोदर राहिलेल्या एलिझाबेथच्या सेवेसाठी ती डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, हे सांगितले. तुमच्या घरी जन्माला येणारे बाळ हेच तुमचे बेथलेहेम, असे म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "मावशी, पवित्र भूमी दोन हजार वर्षांत जागची हललेली नाही. पुढच्या वर्षीही ती तिथेच असेल."

"बरं फादर," एवढेच म्हणून आजी उठल्या. सारे संभाषण दहा मिनिटांत आटोपले. एक गुंता शास्त्राधाराने सोडवल्याचे समाधान आम्हांला लाभले आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

पुढे जे घडले ते थोडक्यात सांगतो. आजी ऑगस्टमध्ये टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरी गेल्या. बहीण ऑक्टोबरमध्ये एकटीच पवित्र भूमीला जाऊन आली, आणि येताना बेथलेहेमहून ऑलिव्हच्या लाकडाच्या दोन जपमाळा घेऊन आली. एक स्वतःला, एक आजींना. आजी फेब्रुवारीत परतायच्या होत्या. थंडी ओसरेपर्यंत थांब, असे मुलगा म्हणाला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या महासाथीमुळे विमाने बंद झाली. जुलैमध्ये बहीण वारली. अंत्यविधीला मोजक्या माणसांनाच परवानगी होती. आजींनी बहिणीचे दफन ब्रॅम्प्टनमधल्या स्वयंपाकघरात, सुनेच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. सप्टेंबरमध्ये सूनबाई रुग्णालयात परिचारिकेच्या कामावर रुजू झाल्या. त्या काळात परिचारिकांच्या कष्टांना सीमा नव्हती, आणि घरी आजी नसत्या तर त्या घराचे काय झाले असते हे सांगता येत नाही. डिसेंबरमध्ये आजी गावी परतल्या. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा यात्रेत नाव नोंदवले, नोव्हेंबर २०२३ साठी. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हल्ला झाला, युद्ध पेटले आणि यात्रा रद्द झाली. त्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली.

पवित्र भूमी तिथेच होती. तिच्याकडे जाणारी वाट मात्र आमच्या भरवशावर उघडी राहिली नाही.

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ साली, आम्ही कुटुंबांसाठी असलेल्या तपसाधनेच्या निमित्ताने त्या धर्मग्रामात गेलो होतो. तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या विनंतीवरून आजारी माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद देण्यास निघालो, तेव्हा त्या यादीत आजींचे नाव होते. प्रार्थना झाल्यावर त्यांनी आम्हांला बसवून घेतले, चहा झाला, आणि जुन्या गोष्टी निघाल्या. आम्ही चाचरतच म्हणालो, "मावशी, तेव्हा आम्ही तुम्हांला थांबवले नसते तर..."

आजींनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "फादर, नातवाकडे गेल्याचं मला दुःख नाही. मी गेलेच असते. पण 'मी जाते' असं म्हणायची वेळच मला कुणी दिली नाही. मुलाने तिकीट काढलं, तुम्ही उपदेश केलात, आणि मी विमानात बसले. मला कुणी विचारलंच नाही."

या बोलण्यात राग नव्हता. फुलांचा हिशेब सांगावा तसे त्यांनी ते सांगितले. परंतु त्या शब्दांनी आमच्या दहा मिनिटांच्या शास्त्राधारातली उणीव उघडी पाडली. आमचे उत्तर खोटे नव्हते. पण ते त्यांच्या प्रश्नाआधीच तयार होते. आंधळ्या बार्तिमयाला दृष्टी हवी, हे यरीहोच्या वाटेवरील कोणालाही कळण्यासारखे होते. तरीही मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे प्रभूने त्याला विचारल्याचे मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने विचारले. आणि आम्ही, ज्यांना फारसे काही ठाऊक नव्हते, सांगून मोकळे झालो.

वाचकहो, या एका प्रसंगावरून आमच्या मनात जो विचार सुरू झाला तो असा. त्याग कशाला म्हणावे? आपल्या धर्मात त्यागाचे स्थान फार मोठे आहे. क्रूस हेच आपले चिन्ह. परंतु क्रूसाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. आपला प्राण कोणी आपल्यापासून घेत नाही, आपण तो स्वतःहून देत आहोत, अशा आशयाचे प्रभूचे उद्गार योहानाने नोंदवले आहेत. दिलेले आणि घेतलेले यांत बाहेरून फरक दिसत नाही. दोन्हींत प्राण जातो, दोन्हींत रक्त सांडते. फरक आहे तो देणाऱ्याच्या होकारात. त्या होकाराशिवाय क्रूस ही केवळ एक शिक्षा ठरली असती. आणि तो होकार देण्यापूर्वी, गेथशेमानी बागेत, प्रभूने स्वतःची इच्छाही पित्यापुढे बोलून दाखवली. तो प्याला टळावा असे त्यालाही वाटले. आपली इच्छा बोलून दाखवणे हा स्वार्थ असता, तर ती प्रार्थना आपल्याला शुभवर्तमानात सापडली नसती.

याहूनही नवल वाटावे अशी गोष्ट नाझरेथच्या घरातली आहे. जगाच्या तारणाची योजना देवाने अनादिकालापासून आखलेली. तरी ती सिद्धीस नेण्यासाठी त्याने एका खेड्यातल्या मुलीकडे दूत पाठवला. दूताने निरोप सांगितला, तिने शंका विचारली, दूताने तिचे समाधान केले, आणि मग तिने होकार दिला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी एका प्रवचनात या क्षणाचे मोठे हृदयंगम चित्र रेखाटले आहे. आदामापासून सारे पूर्वज, किंबहुना सारी सृष्टी, त्या मुलीच्या एका शब्दाकडे डोळे लावून थांबली आहे, अशी त्यांची कल्पना. देव थांबला. तिकीट आधी काढून ठेवले नाही.

आणि आम्ही ज्या भेटीचा दाखला आजींना दिला, त्या भेटीचा वृत्तान्तही आम्ही नीट वाचला नव्हता. एलिझाबेथला सहावा महिना आहे, एवढेच दूताने मरियेला कळवले. तिच्याकडे जा, अशी आज्ञा केली नाही. ती आपणहून उठली आणि निघाली. तिची त्वरा ही आज्ञाधारकाची त्वरा नव्हती, ती प्रेमाची होती. आम्ही आजींना मरियेचा प्रवास सांगितला. मरियेला मिळालेली मोकळीक मात्र दिली नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याही मनात आला. कुटुंब म्हणजे काही कचेरी नव्हे. आईला का कोणी विनंतीअर्ज करतो? आपल्या घरांत विचारणे हेच परकेपणाचे लक्षण मानले जाते. आपल्या पणज्यांना कोणी विचारले होते? त्यांनी नातवंडे सांभाळली, बाळंतपणे केली, आणि त्यातच त्यांना आनंद होता.

या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. पणजीने नातू सांभाळला तो स्वतःच्या ओटीवर. तिच्याभोवती जावा होत्या, शेजारणी होत्या, विहिरीवरच्या गप्पा होत्या. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाई आणि तिला रोजच्या मिस्सेला जाण्यास, बहिणीकडे बसण्यास उसंत मिळे. नातवासाठी तिला आपले गाव, आपली भाषा, आपले देऊळ यांतले काहीच सोडावे लागत नव्हते. आज नातू दुबईत असतो, कुवेतमध्ये असतो, मेलबर्नमध्ये किंवा टोरोंटोत असतो. आजीने जायचे म्हणजे या साऱ्यावर पाणी सोडून जायचे. बाहेर बर्फ, आत चार भिंती, रस्त्यावर ओळखीचा चेहरा नाही, रविवारची मिस्सा इंग्रजीत. म्हणजे आजीकडून मागितला जाणारा त्याग पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे, आणि विचारण्याची रीत मात्र पूर्वीइतकीच राहिली आहे. कॅनडा सरकारने २०११ साली आईवडील आणि आजीआजोबा यांच्यासाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. त्यावर पूर्वी एका वेळी दोन वर्षे राहता येई, जुलै २०२२ पासून पाच वर्षे राहता येते. त्यासाठी मुलाचे उत्पन्न पाहतात, आजीची वैद्यकीय तपासणी करतात, विम्याचा कागद मागतात. तिला जावेसे वाटते का, हा प्रश्न सरकारने विचारायचा नसतो. तो घराने विचारायचा असतो.

यात मुलांना दोषी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परक्या देशात दोघांनी नोकऱ्या करून संसार उभारणे किती अवघड, हे त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. आईला बोलावण्यात केवळ सोय नसते, मायाही असते; आपल्या मुलाला आपल्या आईचा हात लागावा ही ओढ असते. परंतु मायेलाही शिस्त हवी. एक गोष्ट तर आम्हांला विशेष बोचते. विवाहाच्या विधीत आम्ही गंभीरपणे घोषित करतो की देवाने जोडलेल्यांना माणसाने वेगळे करू नये. आणि तीच जोडपी पासष्टीला आली की त्यांची मुले त्यांना वेगळी करतात. आई थोरल्याकडे आखातात, कारण तिथे बाळ लहान आहे; बाप धाकट्याकडे गावी, कारण घर बंद ठेवून चालत नाही. ज्या वयात एकमेकांचा आधार सर्वांत अधिक हवा, त्या वयात पती-पत्नी मोबाइलवर एकमेकांची औषधे विचारतात. याला कौटुंबिक जिव्हाळा म्हणावे की वाटणी?

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही तपासला पाहिजे. भक्तीच्या नावाखाली कर्तव्य टाळणारी माणसे असतात, आणि प्रभूने त्यांना कठोर शब्दांत फटकारले आहे. आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, 'कुर्बान' आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांविषयीचा उतारा मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. आजींची यात्रा हा असाच 'कुर्बान' नव्हता काय? आम्हांला तेव्हा मनातून तसे वाटले होते, हे प्रांजळपणे कबूल करतो. परंतु तो उतारा पुन्हा वाचावा. तेथे प्रभू मुलांना बोलत आहे, आईवडिलांना नव्हे. चौथी आज्ञा मुलांवर बंधनकारक आहे. आईवडिलांचा मान राखावा असे ती सांगते. आईवडिलांचा वेळ वापरावा असे सांगत नाही. आजीचीही कर्तव्ये असतात, आणि देवळाच्या बाकावर बसून घरातल्या अडचणीकडे पाठ फिरवणे तिलाही शोभणार नाही. पण ते ठरवताना तिची सदसद्विवेकबुद्धी बोलली पाहिजे, आमची नव्हे.

शिवाय आजीची प्रार्थना आणि आजीचे नातवंड या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आपण का धरून चालतो? लूकने हन्ना नावाच्या वृद्ध विधवेची ओळख करून दिली आहे. ती मंदिर सोडून जात नसे, उपवास आणि प्रार्थना करीत असे. घरी बसून मुले सांभाळ, असे तिला कोणी सांगितल्याचे लूक लिहीत नाही. आणि योसेफ व मरिया बाळाला घेऊन मंदिरात आली, तेव्हा त्या गर्दीत ते बाळ कोण हे ओळखणाऱ्या दोघांपैकी एक हन्ना होती. तिची दृष्टी प्रार्थनेने निवळली होती. जी आजी स्वतः देवाजवळ बसते, तिलाच नातवंडात देव दिसतो.

आजीबरोबर काय प्रवास करते, हेही पाहू या. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी संत पौल त्याच्या श्रद्धेचा उगम सांगतो. ती श्रद्धा आधी त्याची आजी लोईस हिच्यात आणि आई युनीके हिच्यात होती. तीमथ्याचा बाप ग्रीक, घर परक्या रीतिभातींच्या शहरात. म्हणजे आज ब्रॅम्प्टनमध्ये वाढणाऱ्या आपल्या नातवंडांसारखीच त्याची स्थिती. आपल्या काळातलेही एक उदाहरण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांची आजी रोझा १९२९ साली इटलीहून अर्जेंटिनाला गेली. इटलीतला हिवाळा सोडून ती ब्युनोस आयर्सच्या उन्हाळ्यात उतरली ती अंगात फरचा कोट घालून, कारण कोटाच्या अस्तरात कुटुंबाची पुंजी शिवलेली होती, असे तिच्याविषयी सांगतात. पुढे घरात दुसरे बाळ आल्यावर लहानगा होर्हे दिवसाचा बराच वेळ आजीकडे असे. प्रार्थना करायला तिनेच आपल्याला शिकवले, असे ते पोप झाल्यावरही सांगत, आणि तिने नातवंडांसाठी लिहून ठेवलेले पत्र आपल्या प्रार्थनापुस्तकात जपून ठेवत. तिची पियेमोंतेची बोलीही त्यांना येई. कोटाच्या अस्तरातले पैसे संपले असतील. दुसरी पुंजी रोममधल्या पेत्राच्या आसनापर्यंत पोहोचली.

आमच्या आजींनीही ब्रॅम्प्टनला अशीच पुंजी नेली होती. गावच्या देवळाची संध्याकाळी सातची घंटा होते, तेव्हा तिथे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात साडेनऊ. हा हिशेब त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनेकडून समजून घेतला होता. रोज त्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन त्या मराठीत रोजरी म्हणत. बाळ बोलू लागण्यापूर्वी क्रूसाची खूण करू लागले. आज तो नातू सहा वर्षांचा आहे. शनिवारी शाळा नसते. त्या दिवशी गावी सातची घंटा झाली की तो तिकडून मोबाइलवर आजीबरोबर रोजरीचा एक दशक म्हणतो. त्याला मराठी फारशी येत नाही. 'नमो मरिया' मात्र पूर्ण येते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग झाले तर! आजी गेल्या ते बरेच झाले. होय, बरेच झाले. पण फळ चांगले आले म्हणून झाडाला विचारायची गरज नव्हती, असे ठरत नाही. आजी स्वतःच म्हणाल्या की त्या गेल्याच असत्या. फरक इतकाच पडला असता की त्या देणाऱ्या म्हणून गेल्या असत्या. कदाचित बहिणीबरोबर बसून दोघींनी ठरवले असते. कदाचित यात्रा त्या वर्षीच्या जूनमध्ये करून मग त्या कॅनडाला गेल्या असत्या. ही वाट आम्हां कोणालाच सुचली नाही, कारण आम्ही विचारले नाही.

तेव्हा व्यवहारात काय करावे? मुलांना आमचे सांगणे असे की तिकीट काढण्यापूर्वी आईला विचारा, आणि 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवून विचारा. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, तो प्रश्न नसतो. ती आली तर कधी परतणार हे आधी ठरवा आणि तो शब्द पाळा. रविवारी तिला मिस्सेला न्या. आठवड्यातला एक दिवस तिचा स्वतःचा असू द्या. वडिलांनाही बरोबर बोलवा. आणि आजींना, आजोबांना आमचे सांगणे असे की आपली इच्छा बोलून दाखवा. मनातली गोष्ट मनात ठेवून पुढे ती कुढत बसणे, यात पुण्य नाही. होकार द्याल तर मोकळ्या मनाने द्या. नकार द्याल तर अपराधी वाटून घेऊ नका. पण जपमाळेच्या आड लपून नकार देऊ नका.

धर्मग्रामांना आणि आम्हां धर्मगुरूंनाही एक गोष्ट सांगायला हवी. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबांचा जागतिक दिन सुरू केला. संत योआकीम आणि संत आन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळचा, जुलैचा चौथा रविवार. आपण त्या दिवशी त्यांना गुलाब देतो, केक कापतो, छायाचित्र काढतो. त्यांतल्या एकाला तरी आपण काही विचारतो का?

२०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते. त्यासंबंधी १३ मे २०२४ रोजी रोमहून जे नियम प्रसृत झाले, त्यांत म्हटले होते की आजारी, बंदिवान, एकाकी वृद्ध अशा गरजवंतांना भेटावयास जाणे ही त्यांच्यात वसणाऱ्या ख्रिस्ताकडे केलेली जणू यात्राच होय. हे वाचताना आम्हांला आमच्याच २०१९ सालच्या उपदेशाची आठवण झाली. तुमचे बेथलेहेम घरातच आहे, असे आम्ही आजींना सांगितले होते. शब्द जवळजवळ तेच, पण आम्ही त्यांची दिशा उलटी केली होती. एकाकी वृद्धांनी कुठे जावे, हे तो नियम सांगत नाही. त्यांच्याकडे आपण जावे, असे तो सांगतो. यात्रा आपण करायची आहे.

त्या नोव्हेंबरच्या दुपारी आम्ही आजींना साडेसहा वर्षे उशिरा तो प्रश्न विचारला. "मावशी, आता तुम्हांला कुठं जावंसं वाटतं?"

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "बहिणीच्या कबरीवर. मृतांचा महिना आहे. पाय दुखतात म्हणून घरचे नेत नाहीत."

स्मशानभूमी घरापासून एक किलोमीटरही दूर नव्हती. थोरल्या मुलाने रिक्षा बोलावली, सुनेने मेणबत्त्या आणि वाडीतली फुले दिली. रिक्षातून उतरल्यावर कबरीपर्यंतची पन्नास पावले चालायला आम्हांला बराच वेळ लागला. आजी कबरीच्या कडेला बसल्या. हातात बेथलेहेमची जपमाळ होती. त्यांनी काय प्रार्थना केली हे आम्ही विचारले नाही. काही गोष्टी न विचारण्याच्याही असतात. हा लेख लिहिण्यापूर्वी मात्र आम्ही त्यांना विचारले, आणि त्यांनी होकार दिला.

अंधार पडू लागला तेव्हा आजीच म्हणाल्या, "चला फादर, आता निघू या. आज शनिवार. सातची घंटा होईल आणि तिकडे तो वाट बघत बसेल."